तक्रार न करण्याचा आमचा बाणा

दिल्लीतील मराठी मंडळींच्या घरोघरी एक वाक्य हमखास ऐकू येते. रस्त्यावरचा दिवा गेलेला असो, नळ फुटलेला असो, की समोरच्या बागेत राडारोड्याचा ढीग येऊन पडलेला असो; चहाचा पेला खाली ठेवता ठेवता यजमान म्हणतात, "जाऊ द्या हो, आपल्याला काय करायचे आहे? तीन वर्षांनी बदली." हे वाक्य आम्हीही अनेकदा उच्चारलेले आहे. किंबहुना, गेल्या हिवाळ्यापर्यंत त्यात काही वावगे आहे असे आम्हांस वाटतही नव्हते. आज त्या वाक्याविरुद्ध फिर्याद घेऊन आम्ही वाचकांपुढे उभे आहोत. आणि या फिर्यादीतील पहिले आरोपी आम्हीच आहोत, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे.

आमच्या सरकारी वसाहतीला लागून एक बाग आहे. ती कोणत्या खात्याच्या ताब्यात आहे हे येथे सांगण्याचे कारण नाही. शिवाय ते आम्हांसही पुष्कळ दिवस ठाऊक नव्हते. सकाळी साडेसहाच्या सुमारास आम्ही सहा-सात मराठी मंडळी तेथे फेऱ्या घालतो. त्यांत एकजण लेखापरीक्षणातले, एक रेल्वेतले, दोघे मंत्रालयांतले, आणि एक स्थापत्य अभियंता. बदल्या, महागाई भत्ता, पुण्यातल्या सदनिकांचे भाव, असे आमचे ठरलेले विषय. बागेच्या एका कोपऱ्यात मुलांसाठी दोन झोपाळे होते. कार्तिकातल्या एका सकाळी आमचे अभियंता स्नेही त्यांतल्या एका झोपाळ्याखाली थांबले, मान वर करून पाहिले आणि म्हणाले, "ही वरची कडी पार झिजली आहे. महिना-दीड महिना टिकली तर पुष्कळ." आम्ही सर्वांनी माना वर केल्या. कोणीतरी त्यांच्या नजरेचे कौतुक केले. मग आम्ही पुढच्या फेरीस लागलो.

मार्गशीर्ष सरता सरता कडी तुटली. झोपाळ्यावर त्या वेळी बागेतल्या माळ्याची आठ वर्षांची मुलगी होती. तिचे मनगट मोडले आणि कपाळाला टाके घालावे लागले. ती जेथे आपटली तेथून चार बोटांवर पदपथाची दगडी कड आहे. तिच्यावर डोके पडले असते तर काय झाले असते, हे लिहिण्याचे आमचे धाडस होत नाही.

आम्ही सारे तिला पाहावयास गेलो. वर्गणी काढून औषधपाण्याचा खर्च दिला. माळ्याने पैसे घेतले, हात जोडले आणि अगदी साध्या स्वरात म्हणाला, "आप लोग तो रोज़ देखते थे, साहब." त्याच्या बोलण्यात आरोप नव्हता. असता, तर आम्हांस काहीतरी उत्तर देता आले असते. मागाहून कळले की, त्याने स्वतः आपल्या मुकादमाला झोपाळ्याविषयी दोन वेळा सांगितले होते. परंतु कंत्राटावरच्या माळ्याच्या तोंडी सांगण्याला कागद नसतो, नोंद नसते, क्रमांक नसतो. ते हवेत विरून जाते. आमच्या सांगण्याची मात्र नोंद झाली असती. आमच्यापैकी प्रत्येकजण दिवसभर नोंदींचाच व्यवहार करतो. ज्याच्या शब्दाला किंमत नव्हती तो बोलला, आणि ज्यांच्या शब्दाला होती ते गप्प राहिले, असा या प्रकरणाचा निष्कर्ष आहे.

आता कोणी म्हणेल, एका कडीवरून एवढा मोठा सिद्धान्त कशाला उभारता? तर वाचकांनी उद्या सकाळी आपल्या नजीकच्या कोणत्याही बागेत जावे आणि फक्त पाहावे. कचरापेटी आहे, पण तिला बूड नाही. बूड आहे तेथे झाकण नाही, म्हणून रात्री कुत्री आणि पहाटे कावळे आतला माल गवतावर पसरतात. एका नळाची तोटी गेलेली, तिच्याखाली चिखल, चिखल चुकविण्यासाठी लोकांनी गवतातून पाडलेली नवी पाऊलवाट, आणि तिच्या दोन्ही बाजूंस मेलेले गवत. पाण्याच्या चेंबरवरचे लोखंडी झाकण नाहीसे झालेले. त्याच्या जागी एक झाडाची फांदी खोचलेली, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याने समजून घ्यावे! कुंपणाचे दोन गज वाकविलेले. त्या वाटेने शेजारच्या बांधकामाचा राडारोडा रात्री आत येतो. हे सारे पाहून आपण एकच शब्द उच्चारतो, 'घाण'. वस्तुतः यात घाण थोडी आणि मोडतोड फार आहे. पडलेला कागद उद्या कोणीतरी झाडून नेईल. बूड नसलेली पेटी मात्र रोज नवा कचरा जमिनीवर ओतीत राहील. झाडूवाल्याचा आळस जेथे आपल्याला दिसतो, तेथे पुष्कळदा एक न झालेली दुरुस्ती असते. आणि त्या दुरुस्तीमागे, बहुधा, एक न केलेली तक्रार.

दुरुस्ती ही सरकारी विश्वात सावत्र लेक आहे, हे आमच्या वाचकांस आम्ही सांगावयास नको. नव्या बागेचे उद्घाटन होते, कोनशिला बसते, छायाचित्र छापून येते. बदललेल्या कडीचे उद्घाटन करावयास कोणी येत नाही. म्हणून अंदाजपत्रकात दुरुस्तीच्या बाबीवर कात्री चालते तेव्हा तिच्या बाजूने बोलणारा कोणी नसतो. बोलू शकेल असा एकच साक्षीदार आहे, तो म्हणजे लोकांच्या तक्रारींची नोंदवही. 'या बागेतून वर्षभरात एकही तक्रार नाही,' या वाक्याचा अर्थ कचेरीत काय लावला जातो? बागेत सर्व आलबेल आहे, हाच. आपले मौन आपल्याला सभ्यपणा वाटतो. पण कचेरीत ते समाधानाचे प्रमाणपत्र म्हणून जमा होते. मूल रडल्यावाचून आईसुद्धा पाजीत नाही, असे आपल्या म्हाताऱ्या माणसांनी म्हणून ठेवले आहे. आणि खाते तर कोणाची आई नव्हे.

असे असता आपण तक्रार का करीत नाही? कारणे आम्ही आमच्याच मित्रमंडळींकडून गोळा केली आहेत. त्यांचा एकेक करून समाचार घेऊ.

पहिले कारण वर आलेच: हे शहर आपले नव्हे. या कारणाला देशाभिमानाचा मुलामा देणारेही लोक आहेत. मुंबई-पुण्याची आठवण काढीत, सारसबागेच्या तळ्याचे गोडवे गात, ते दिल्लीच्या बागेतल्या कचऱ्याकडे परदेशच्या बातमीसारखे पाहतात. त्यांस आम्ही दोन मराठी अधिकाऱ्यांची आठवण देऊ इच्छितो. गोपाळ हरि देशमुख सरकारी नोकरीत असतानाच १८४८ पासून 'प्रभाकर' पत्रातून 'लोकहितवादी' या नावाने समाजाला बोल लावीत होते. पुढे न्यायखात्याच्या नोकरीने ते अहमदाबादेस गेले, तर तेथील सार्वजनिक कामांत तितक्याच उत्साहाने पडले. 'हा गुजरात, आपल्याला काय करायचे आहे?' असे म्हणून ते बिऱ्हाडात बसून राहिले नाहीत. दुसरे चिंतामणराव देशमुख. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडून देणाऱ्या माणसाच्या महाराष्ट्रप्रेमाविषयी कोणी शंका घेणार नाही. पण राजीनामा देऊन त्यांनी दिल्लीकडे पाठ फिरविली नाही. विद्यापीठ अनुदान मंडळ, दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद, अशी कामे त्यांनी येथेच केली. आणि १९६२ साली सुरू झालेल्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरचे ते संस्थापक-अध्यक्ष होते. ते सेंटर लोदी उद्यानाला लागून आहे. त्याची इमारत ज्या जोसेफ स्टाइन यांनी रचिली, त्यांनीच गॅरेट एक्बो यांच्यासह १९६८ साली लोदी उद्यानाची नवी मांडणी केली. म्हणजे दिल्लीच्या सर्वांत रमणीय बागेच्या वेशीवर एक मराठी सनदी अधिकारी उभा आहे. आणि आपण त्याच बागेत फिरून येऊन म्हणतो की, हे शहर आपले नव्हे!

शिवाय तीन वर्षांच्या बदलीचा हिशेब तरी खरा आहे काय? बदली आपली होते, बागेची होत नाही. आपल्या जागी दुसरा येतो, तोही तीन वर्षांचाच. प्रत्येकजण तीन वर्षांचा पाहुणा, या न्यायाने एखादी वसाहत पन्नास वर्षे पाहुण्यांनीच भरलेली राहते आणि घरधनी कोणीच नसतो. त्या पन्नास वर्षांत झोपाळ्यावर मात्र कोणाची ना कोणाची मुले बसतच असतात.

दुसरे कारण असे: "तक्रार करून ऐकतो कोण?" यात अर्धे सत्य आहे, आणि ते आम्ही नाकारीत नाही. दिल्लीतील बागा म्हणजे बारभाईची शेती आहे. काही बागा दिल्ली महानगरपालिकेच्या; ती महानगरपालिका २०१२ साली तिघींत वाटली गेली आणि २०२२ साली पुन्हा एक झाली, तेव्हा दहा वर्षे तर लोकांस आपण तिघींपैकी कोणाचे हेच कळेनासे झाले होते. काही बागा नवी दिल्ली नगरपालिका परिषदेच्या, काही १९५७ साली स्थापन झालेल्या दिल्ली विकास प्राधिकरणाच्या, काही केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या; छावणीचा कारभार वेगळा, डोंगरकड्यावरच्या जंगलाचा वेगळा. खुद्द लोदी उद्यानाचेच पाहा. १९३६ साली 'लेडी विलिंग्डन पार्क' या नावाने ते खुले झाले, स्वातंत्र्यानंतर त्याला आजचे नाव मिळाले. तेथले गवत, झाडे आणि वाटा नगरपालिका परिषदेच्या. परंतु सय्यद आणि लोदी सुलतानांचे घुमट भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. खाली गवतावर पडलेली बाटली एका खात्याची आणि घुमटाच्या चौथऱ्यावर पडलेली बाटली दुसऱ्या खात्याची! सामान्य नागरिक यात गोंधळला, तर दोष त्याचा नाही.

परंतु आम्ही सामान्य नागरिक आहोत काय? अमुक विषय कोणाच्या अखत्यारीत येतो, हे शोधून काढणे हाच ज्यांचा पोटापाण्याचा धंदा, त्यांनी बागेच्या फाटकावरची पाटी वाचावयाची नाही आणि 'ऐकतो कोण' म्हणून उसासा टाकावयाचा, हे शोभत नाही. आज महानगरपालिकेचे आणि नगरपालिका परिषदेचे '३११' नावाचे ॲप आहे. मोबाइलवरून छायाचित्र काढून ठिकाणासह तक्रार धाडता येते. केंद्राच्या ताब्यातील खात्यांसाठी २००७ पासूनचे तक्रार-निवारण संकेतस्थळ आहे. त्यावरील तक्रारींची मुदत २०२२ साली तीस दिवसांवर आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये एकवीस दिवसांवर आणली गेली. हे हुकूम ज्या टेबलांवरून पुढे जातात, तेथे आमचे कित्येक वाचक बसलेले असतात. दुसऱ्याच्या तक्रारीवर 'एकवीस दिवसांत उत्तर द्यावे' असा शेरा मारणाऱ्याने स्वतःच्या बागेविषयी 'ऐकतो कोण' म्हणणे, म्हणजे वैद्याने आपल्याच औषधावर विश्वास नसल्याची जाहीर कबुली देणे आहे.

तिसरे कारण आम्हांस सर्वांत धोकादायक वाटते, कारण ते कोणी उघडपणे सांगत नाही. आपल्याला तक्रारीची गरजच पडत नाही. आपल्यापाशी ओळख असते. एखाद्या बागेतला दिवा फारच दिवस बंद राहिला, तर आपल्यापैकी कोणीतरी आपल्या तुकडीतल्या मित्राला दूरध्वनी करतो. मित्र खाली सांगतो. संध्याकाळपर्यंत दिवा लागतो. आपण मिशीवर ताव देतो. पण या दिव्याचा हिशेब नीट मांडावा. या कामाची कोठे नोंद झाली नाही. म्हणून दिवा पुन्हा गेला, तर तो पहिल्यांदाच गेला असे धरले जाईल. बहुधा कोठल्या तरी दुसऱ्या बागेतून माणूस आणि सामान उचलून आपल्याकडे धाडले गेले. तेथल्या लोकांना मंत्रालयात मित्र नव्हता. ज्या मंडळींच्या तक्रारीने नोंदवही जिवंत राहिली असती, त्यांनीच ती मागच्या दाराने निरुपयोगी ठरविली. ओळखीने लागलेला दिवा हा उजेड खरा, पण तो दुसऱ्याच्या दारातून आणलेला उजेड आहे. आमचे मत स्पष्ट आहे: अधिकाऱ्याने आपल्या बागेसाठी दूरध्वनी करू नये. त्याने रांगेत उभे राहून, सर्वांसारखीच, क्रमांकाची तक्रार करावी. म्हणजे रांग किती लांब आहे आणि कोठे अडली आहे, हे त्याला कळेल.

चौथे कारण मोठ्या नैतिक थाटाचे आहे. "तक्रारी कसल्या करता? झाडू हातात घ्या. गाडगेबाबांनी कोणाकडे तक्रार केली होती?" गाडगेबाबांचे नाव निघाले की आम्ही मस्तक नमवितो. पण त्यांचे नाव घेऊन हा सवाल करणाऱ्यांपैकी फारच थोडे लोक झाडू हातात घेतात, असा आमचा अनुभव आहे. वर्षातून एकदा, ऑक्टोबरच्या आरंभी, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, छायाचित्रकाराच्या साक्षीने दहा मिनिटे झाडणे ही गाडगेबाबांची परंपरा नव्हे. आणि समजा, रोज झाडले, तरी झाडूने कडी बदलत नाही, चेंबरला झाकण बसत नाही, तुटलेली जलवाहिनी जोडली जात नाही. कागद दिसला तर तो जरूर उचलावा; त्याने कोणाचा हात झिजत नाही. परंतु जे काम आपल्या हातांनी होण्याजोगे नाही आणि ज्यासाठी आपण कर भरतो, ते ज्याचे त्याच्याकडून करवून घेणे हीदेखील सेवाच आहे. घटनेत १९७६ च्या दुरुस्तीने जी मूलभूत कर्तव्ये आली, त्यांत निसर्गसंपत्ती राखणे आणि सार्वजनिक मालमत्तेचे रक्षण करणे ही दोन्ही आहेत. मोडलेल्या झोपाळ्याचे रक्षण मनातल्या मनात कसे करतात, ते आम्हांस कोणी समजावून द्यावे.

पाचवे कारण दयेचे: "तक्रार केली तर बिचाऱ्या माळ्यावर गदा येईल." हा विचार आमच्याही मनात पुष्कळ वेळा आला आहे, आणि तो अगदीच निराधार नाही. 'बाग अत्यंत घाणेरडी आहे, कर्मचारी कामचुकार आहेत,' अशी तक्रार केली तर ती वरून खाली घरंगळत जाऊन सर्वांत खालच्या माणसाच्या डोक्यावर आदळते, हे सरकारी गुरुत्वाकर्षण आम्हांस परिचयाचे आहे. पण याचा अर्थ, वाईट तक्रार करू नये, एवढाच. 'पूर्वेच्या फाटकापाशी कचरापेटी नाही, ती बसवावी. नळाची तोटी गेल्याने झाडांस पाणी पोहोचत नाही. पाचोळ्यासाठी खताचा खड्डा नाही,' अशी तक्रार माळ्याच्या विरुद्ध नसून माळ्याच्या बाजूची आहे. पाचोळ्याचेच पाहा. उघड्यावर पाचोळा आणि कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ साली दिल्लीत मनाई केली आणि पाच हजार रुपयांचा दंड सांगितला. माळ्याने पाचोळा जाळला की आपण त्याच्यावर डोळे वटारतो. परंतु त्याला खड्डा कोणी दिला? टोपली, फावडे, हातगाडी कोणी दिली? ते मागणारा कागद त्याच्या नावाने निघू शकत नाही. आमच्या नावाने निघू शकतो. दया करावयाची असेल, तर ती या मार्गाने करावी.

शेवटी एक उपाय सुचविणारे लोक राहिले: "तिकीट लावा, म्हणजे बागा आपोआप स्वच्छ राहतील." ते सुंदर नर्सरीकडे बोट दाखवितात. २०१८ साली लोकांस खुली झालेली ती बाग खरोखरच नेटकी आहे आणि तिला प्रवेशमूल्यही आहे. पण ती नेटकी राहिली ती तिकिटाच्या कागदामुळे नव्हे. तेथे मोडलेली वस्तू पाहणारा, नोंदणारा आणि दुरुस्त करणारा कोणी आहे, म्हणून. तीच व्यवस्था विनामूल्य बागेत मागणे हा आपला हक्क आहे. ज्या माळ्याच्या मुलीची हकीकत आम्ही वर सांगितली, तिने तिकीट काढून झोपाळ्यावर बसावे अशी कोणाची कल्पना असेल, तर त्या माणसाशी आमचा वाद बागेपुरता राहत नाही.

इतके सांगून झाल्यावर, आम्ही पुढे काय केले हेही सांगणे प्राप्त आहे. कारण येथपर्यंत वाचून, तक्रार केली की काम झाले, असा समज व्हावयाचा. कडी तुटल्यावर आम्ही तक्रार केली. तिला चार मिनिटे लागली. कार्तिकात ती चार मिनिटे आमच्यापाशी नव्हती, याची वाचकांनी नोंद घ्यावी. पहिले उत्तर आले: 'विषय या कार्यालयाशी संबंधित नाही.' आम्ही खरा मालक शोधून काढला आणि दुसरी तक्रार केली. नवव्या दिवशी उत्तर आले: 'तक्रार निकाली.' आम्ही आनंदाने पाहावयास गेलो. तर दोन्ही झोपाळे काढून नेलेले! मोडका तर नेलाच, धडका होता तोही नेला. आता तेथे नुसते लोखंडी खांब उभे आहेत. झोपाळा नाही, म्हणून कडी नाही. कडी नाही, म्हणून तक्रार नाही. सरकारी तर्कशास्त्रात या उत्तराला तोड नाही. आणि आम्ही स्वतः आयुष्यात अशी किती प्रकरणे 'निकाली' काढली असतील, या विचाराने त्या दिवशी आम्हांस झोप लागली नाही.

म्हणून तक्रार म्हणजे काय, याविषयी आमचे मत या अनुभवानंतर पालटले आहे. तक्रार म्हणजे राग व्यक्त करणे नव्हे. एका तक्रारीत एकच दोष असावा. ठिकाण असे सांगावे की, परका माणूसही सरळ तेथे जाऊन उभा राहील. दोष केव्हापासून आहे, त्यापासून कोणाला कोणता धोका आहे आणि नेमके काय करून हवे आहे, हे स्वच्छ शब्दांत लिहावे. 'योग्य ती कार्यवाही व्हावी' हे वाक्य लिहू नये, कारण योग्य काय ते ठरविण्याचे काम आपण ज्याच्यावर सोपविले, त्याने झोपाळेच नेले. आम्ही 'कडी बदलून झोपाळा पूर्ववत करावा' असे लिहावयास हवे होते. आम्ही 'झोपाळा धोकादायक आहे' एवढेच लिहिले. तीस वर्षे मसुदे घासूनपुसून घेणाऱ्यांच्या हातून ही चूक व्हावी! क्रमांक जपून ठेवावा. 'निकाली' असे उत्तर आले की आपल्या पायांनी जाऊन पाहावे. काम झाले नसेल तर अपील करावे, आणि तेही निष्फळ ठरले तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. काम झाले असेल तर दोन ओळींची पोच द्यावी. चांगल्या कामाची पोच देणारा नागरिक आम्ही नोकरीत अपवादानेच पाहिला आहे. पण ज्या दिवशी तो भेटला, तो दिवस आम्ही अजून विसरलो नाही.

आणि तक्रार करणाऱ्याचे स्वतःचे हात स्वच्छ असावेत. परवाच्या कोजागिरीला आमच्याच मंडळींनी त्याच बागेत दूध आटविले. गाणी झाली, भेंड्या झाल्या, चंद्राचे कौतुक झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी गवतावर कागदी पेल्यांची पांढरी रांगोळी होती, आणि माळी ती एकेक करून वेचीत होता. प्लॅस्टिकच्या पेल्यांवर आणि थाळ्यांवर २०२२ च्या जुलैपासून बंदी आहे म्हणून आम्ही कागदी आणले होते, हे आमचे पुण्य; ते उचलण्याचे कोणाच्याच ध्यानात राहिले नाही, हे आमचे पाप. गणेशोत्सव, वनभोजन, महाराष्ट्र दिन यांसाठी आपली मंडळे बागा मागून घेतात. बाग परत करताना ती घेतली त्याहून स्वच्छ असावी, असा ठराव किती मंडळांनी केला आहे? आमच्या मंडळाने केलेला नाही. येत्या सभेत तो आम्ही मांडणार आहोत, आणि त्यासोबत दुसराही: प्रत्येक मंडळाने आपल्या वसाहतीजवळची एक बाग नेमून घ्यावी, महिन्यातून एकदा तिची पाहणी करावी, दोषांची तक्रार सर्वांसारखीच रांगेतून करावी, आणि तक्रारींची वही बदली होऊन जाणाऱ्याने नव्या येणाऱ्याच्या स्वाधीन करावी. घराच्या किल्ल्या देतो, दूधवाल्याचा आणि धोब्याचा हिशेब समजावून देतो. त्यातच ही एक वही.

या ठरावाला विरोध होईल, हे आम्ही जाणून आहोत. कोणीतरी चहाचा पेला खाली ठेवील आणि म्हणेल, "आपल्याला काय करायचे आहे?" त्या गृहस्थांस आम्ही सभेनंतर बागेत घेऊन जाणार आहोत. मुलीच्या मनगटाचे प्लॅस्टर निघाले आहे. ती शाळेतून आल्यावर त्या रिकाम्या खांबांना धरून गोल गोल फिरते. नव्या झोपाळ्यांसाठी आमची तिसरी तक्रार नोंदलेली आहे. तिच्यावर अद्याप निर्णय नाही. आमच्यापैकी दोघांच्या बदलीचे हुकूम निघाले आहेत. जाण्यापूर्वी ते तक्रारीचा क्रमांक कोणाच्या हाती देतात, एवढेच आता पाहावयाचे आहे.